मोसंबीचा ग्रीनिंग रोग आणि पाण्याची पाळी : बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
बीड जिल्हा, बीड.

विषय : मोसंबीवरील ग्रीनिंग रोग व तो पसरविणारी सायला कीड यांचे शिवारवार नियंत्रण करण्याबाबत.

महोदय,

बीड जिल्ह्यात मोसंबीचे झाड वाळले की ते पाण्यावाचून वाळले असे धरून चालण्याचा प्रघात आहे, आणि २०१२-१३, २०१५-१६ व २०१८-१९ या दुष्काळी वर्षांनी मराठवाड्यातील फळबागांचे जे हाल केले ते पाहता या समजुतीत फारसे गैर आहे असेही म्हणता येत नाही. तथापि याच समजुतीच्या आड दुसरे एक कारण दडून राहते आणि ते दुष्काळ सरला तरी बागेतून जात नाही. ते कारण म्हणजे ग्रीनिंग हा जिवाणूजन्य रोग आणि त्याला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेणारी सायला ही कीड. या रोगावर एकट्या शेतकऱ्याने आपल्या बांधापुरता केलेला उपाय टिकत नाही. तो शिवारातील सर्व बागांत एकाच वेळी व्हावा लागतो. ही वेळ बीडसारख्या जिल्ह्यात पाण्याच्या पाळीवरून ठरते, आणि पाण्याची पाळी, रोपवाटिकांवरील देखरेख व नुकसानीचे पंचनामे हे तिन्ही विषय एकट्या कृषी विभागाच्या हातातले नसून त्यांचा मेळ जिल्हा पातळीवरच घालता येतो, म्हणून हे पत्र जिल्हाधिकाऱ्यांना उद्देशून लिहिले आहे.

आशियात या रोगाला कारणीभूत मानला जाणारा जिवाणू शास्त्रीय परिभाषेत ‘कँडिडॅटस लिबेरिबॅक्टर एशियाटिकस’ या नावाने ओळखला जातो. त्यातील ‘कँडिडॅटस’ हे पद, प्रयोगशाळेतील कृत्रिम माध्यमावर ज्याची शुद्ध वाढ साधता आलेली नाही अशा जिवाणूच्या नावाआधी लावतात. तो झाडाच्या अन्नवाहिन्यांत, म्हणजे पानांत तयार झालेली साखर मुळांकडे आणि फळांकडे नेणाऱ्या सालीतील सूक्ष्म नलिकांत राहतो. त्याच्या उपद्रवाने या नलिका तुंबतात, पानांत पिष्टाचा साठा होतो आणि खाली मुळांना अन्न न मिळाल्याने तंतुमुळे मरू लागतात. लागण झाल्यापासून लक्षणे उघड होईपर्यंत काही महिने, मोठ्या झाडात कधी एखाददोन वर्षेही जातात. या अवधीत झाड वरवर निरोगी दिसत असले तरी आसपासच्या झाडांसाठी ते रोगाचा उगम झालेले असते. लागण झालेले झाड पूर्ण बरे करणारा उपाय आजपर्यंत सापडलेला नाही, आणि गोड संत्रावर्गात मोडणारी मोसंबी या रोगाला विशेष बळी पडते. तिचे कलम रंगपूर लिंबावर बांधले काय किंवा जंबेरीवर बांधले काय, खुंटामुळे तिला संरक्षण मिळत नाही.

रोगाचा प्रसार दोन वाटांनी होतो: रोगट झाडाचा डोळा कलमासाठी वापरल्याने आणि सायलेमुळे. सायला, शास्त्रीय नाव डायफोरिना सिट्री, हा सुमारे तीन ते चार मिलिमीटर लांबीचा, तपकिरी ठिपक्यांचा, रस शोषणारा कीटक असून तो पानावर बसताना डोके खाली आणि मागचा भाग वर अशा तिरक्या बैठकीत बसतो, त्यामुळे मावा व तुडतुडे यांच्यापासून तो सहज वेगळा ओळखता येतो. त्याची मादी आयुष्यभरात शेकडो, अनुकूल हवामानात आठशेपर्यंत, बदामी आकाराची पिवळी-नारिंगी अंडी घालते, परंतु ती केवळ नवतीवर, म्हणजे नुकत्या फुटलेल्या कोवळ्या पालवीच्या न उलगडलेल्या पानांतच घालते. अंड्यांतून निघणारी पिल्ले पाच अवस्थांतून जातात आणि मेणाचे पांढरे धागे सोडतात. उबदार हवेत ही पिढी दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण होते. रोगट झाडावर वाढलेल्या पिल्लाने रसाबरोबर जिवाणू घेतला की पंख फुटल्यावर तो प्रौढ कीटक मरेपर्यंत रोग वाहू शकतो. यातून निघणारा निष्कर्ष नियंत्रणाच्या दृष्टीने अत्यंत मोलाचा आहे: जेथे नवती नाही तेथे सायलेची पुढची पिढी नाही. मोसंबीच्याच कुळातील कढीपत्ता आणि शोभेसाठी लावली जाणारी कुंती ही झाडेही सायलेला आश्रय देतात, त्यामुळे बागेलगतच्या वस्तीतील परसबागाही या हिशेबातून वगळता येत नाहीत.

हे ज्ञान परदेशातून आयात झालेले नाही. अविभाजित पंजाबातील लिंबूवर्गीय बागांत सायलेने केलेल्या नुकसानीचे तपशीलवार वर्णन हुसेन आणि नाथ यांनी १९२७ मध्ये केले होते, मात्र त्यामागे रोगही असू शकतो हे तेव्हा कळलेले नव्हते. पुढे फ्रेझर आणि दलजित सिंग यांनी १९६८ मध्ये, भारतातील लिंबूवर्गीय झाडांच्या ‘शेंडेमर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ऱ्हासात ग्रीनिंगचा मोठा वाटा असल्याचे मांडले. आणि सायला हीच भारतात या रोगाची वाहक आहे हे कपूर, राव व विश्वनाथ या पुण्याच्या वनस्पती विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये दाखवून दिले. त्याच केंद्राच्या १९७४ मधील निबंधाचा विषयच दख्खनच्या काळ्या खडकावरील प्रदेशातील ग्रीनिंग हा होता. जिवाणूची जनुकीय ओळख पटवून १९९४ मध्ये त्याला आजच्या नावाचे मूळ रूप देण्यात आले, तेव्हा अभ्यासासाठी घेतलेला आशियाई वाण ‘पूना’ याच नावाने नोंदला गेला. अर्थात रोग कोणता, वाहक कोण आणि तो कसा पसरतो हे महाराष्ट्राच्या भूमीवर अर्ध्या शतकापूर्वीच ठरले असून उणीव राहिली ती या माहितीला प्रशासकीय रूप देण्याची.

ती राहण्याचे पहिले कारण असे की ग्रीनिंगची लक्षणे दुष्काळाच्या लक्षणांशी सहज मिसळतात. पाने पिवळी पडणे, शेंड्याकडून फांद्या वाळत येणे, फळे लहान राहणे व गळणे हे पाण्याच्या टंचाईत होते, जस्ताच्या कमतरतेत होते, बुंध्याशी डिंक ओघळणाऱ्या फायटोफ्थोरा बुरशीच्या रोगात, म्हणजे शेतकऱ्यांच्या डिंक्यात होते आणि ग्रीनिंगमध्येही होते. शिवाय ग्रीनिंगने मुळे खंगलेले झाड पाण्याचा ताण इतरांआधी सोसेनासे होते, त्यामुळे दुष्काळात ते सर्वांत आधी मरते आणि त्याची नोंद दुष्काळाच्या खात्यावर पडते. तरीही काळजीपूर्वक पाहणाऱ्याला फरक करता येतो. जस्ताच्या कमतरतेत पानाचा पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो, तर ग्रीनिंगमध्ये तो असमान असतो, म्हणजे शिरेच्या एका बाजूला जेथे पिवळा डाग तेथे दुसऱ्या बाजूला हिरवा भाग राहतो. दुष्काळ साऱ्या ओळीला झोडपतो; ग्रीनिंग मात्र आरंभी एखाद्या झाडाच्या एखाद्याच फांदीवर उमटतो. रोगट झाडाचे फळ एका अंगाला वाकडे वाढते, देठाकडून रंगते व खालच्या टोकाला हिरवे राहते, त्यातील बिया खुरटतात आणि रस कडवट लागतो. पानांत साठलेल्या पिष्टावर आयोडीनचा थेंब काळपट रंग देतो, या साध्या तत्त्वावर आधारलेली चाचणी गावातही करता येते. ती संशयित झाडे निवडण्यापुरती उपयोगी असून अंतिम निदान जिवाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआर तपासणीनेच होते. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, त्या विद्यापीठाचे बदनापूर येथील मोसंबी संशोधन केंद्र आणि गेवराई तालुक्यातच असलेले खामगावचे कृषी विज्ञान केंद्र एवढी ज्ञानयंत्रणा हाताशी असताना, मोसंबी असलेल्या प्रत्येक गावातून संशयित झाडांचे नमुने वर्षातून एकदा तपासणीस जातील अशी व्यवस्था उभारणे अवघड नाही.

दुसरे कारण नियंत्रणाच्या पद्धतीत आहे. आजचा शेतकरी सायला दिसली की आपल्या सवडीने फवारणी करतो. शेजारी पुढच्या आठवड्यात करतो, तिसरा करत नाही. सायला सहसा थोडेच अंतर उडते, पण काही दिवसांत ती दोन किलोमीटरपर्यंत पोहोचू शकते असे अभ्यासातून दिसले आहे, म्हणून एका बागेत मेलेल्या किडीची जागा शेजारची बाग भरून काढते आणि फवारणीचा खर्च तेवढा शिल्लक राहतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात सायला १९९८ मध्ये आणि रोग २००५ मध्ये आढळला. तेथे २००३-०४ च्या हंगामात सुमारे २४ कोटी २० लाख पेट्या संत्री निघाली होती, तर २०२३-२४ मध्ये ती दोन कोटी पेट्यांच्याही खाली आली. भांडवल, यंत्रे आणि संशोधन यांपैकी कशाचीही वाण नसलेल्या या राज्यात टाकून दिलेल्या, निगा न राखलेल्या बागा सायलेचे आगर झाल्या. ब्राझीलने रोगट झाडे काढणे २००८ मध्ये कायद्याने बंधनकारक केले, आणि एखाद्या तुकड्यातील २८ टक्क्यांहून अधिक झाडे रोगट आढळली तर संपूर्ण तुकडा काढण्याची तरतूद केली. तरीही तेथील मुख्य संत्रापट्ट्यात २०२३ च्या पाहणीत सुमारे ३८ टक्के झाडांवर लक्षणे दिसली. या दोन देशांचा धडा सारखाच आहे: खर्च कितीही करा किंवा कायदा कितीही कडक करा, लगतच्या बागांचे वेळापत्रक जुळल्यावाचून दोन्ही अपुरे पडतात.

बीड जिल्ह्याच्या हाती या बाबतीत एक अशी सोय आहे जी बारमाही पावसाच्या प्रदेशांना नाही. मराठवाड्यात मोसंबीचा आंबे बहार धरताना शेतकरी डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास बागेचे पाणी तोडतो. जमिनीच्या मगदुराप्रमाणे काही आठवड्यांचा हा ताण संपवून पाणी दिले की झाडावर नवती आणि फुले एकदम येतात. ताणाच्या काळात झाडावर कोवळी पालवी नसल्यामुळे सायलेची अंडी व पिल्लेही नसतात. असतात ते केवळ जुन्या पानांवर तग धरून राहिलेले प्रौढ कीटक. या टप्प्यावर, म्हणजे पाणी सोडण्याच्या आदल्या आठवड्यात, साऱ्या शिवाराने एकत्र फवारणी केली तर पुढच्या पालवीवर अंडी घालणाऱ्या माद्यांची संख्या आरंभीच घटते. शिवाय फुले नसल्याने मधमाशांना धोका कमी राहतो. हीच फवारणी पाणी सोडल्यानंतर केली, तर कीटक न उलगडलेल्या पालवीत लपलेले असतात आणि फुले उमलत असल्यामुळे इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झामसारखी मधमाशांना घातक औषधे वापरणेही योग्य ठरत नाही.

त्यामुळे पाण्याची तारीख ही कीडनियंत्रणाचीही तारीख ठरते. जायकवाडीचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून माजलगाव धरणाकडे जातो, आणि या लाभक्षेत्रातील बागांचा ताण बऱ्याच अंशी कालव्याच्या आवर्तनावर अवलंबून असतो. कालवा सल्लागार समितीत रब्बी आवर्तनाची चर्चा होते तेव्हा तिच्यात ऊस, ज्वारी, गहू यांच्या गरजांबरोबर मोसंबीच्या ताणाचा विचार व्हावा आणि आवर्तनाची तारीख किमान पंधरा दिवस आधी ग्रामपंचायतींना कळवावी, एवढीच येथे विनंती आहे. विहीर, शेततळे व ठिबकवर चालणाऱ्या बागांना कालव्याची वाट पाहावी लागत नाही, पण ग्रामसभेत ठरवून एका शिवारातील सर्वांनी एकाच आठवड्यात पाणी सुरू केले तर तेथेही हाच परिणाम साधतो. मृग बहाराची पालवी पावसाच्या स्वाधीन असल्यामुळे तिच्या वेळी असा नेम धरता येत नाही; तेव्हा पिवळे चिकट सापळे आणि फांदी पांढऱ्या कागदावर झटकून पडणारे कीटक मोजण्याची पद्धत यांच्या नोंदीवरून निर्णय घ्यावा लागेल. राज्यात पिकांवरील किडींचे सर्वेक्षण करणारा क्रॉपसॅप प्रकल्प २००९-१० पासून चालू असून पुढे तो फळपिकांनाही लागू झाला. त्यातील सायलेची नोंद कागदावर न राहता त्याच आठवड्यात गावाच्या सूचनाफलकावर आली पाहिजे.

फवारणी कितीही वेळेवर झाली तरी रोगट रोपच लावले गेले असेल तर तिचा उपयोग नाही. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांचे नियमन करणारा कायदा १९६९ पासून अस्तित्वात आहे, १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आणि २०१८ पासून भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाने चालणारी वेगळी योजना या दोन्ही रोपांवर सार्वजनिक पैसा खर्च करतात, आणि तरीही रोपाची खरेदी करताना शेतकरी पाहतो ती उंची, कलमाचा सांधा आणि किंमत. ज्या मातृवृक्षावरून डोळे घेतले त्याची पीसीआर तपासणी कधी झाली आणि रोपे कीटकरोधक जाळीच्या आत वाढली की उघड्यावर, या दोन प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाल्याशिवाय जिल्ह्यात मोसंबीच्या रोपांवर अनुदान दिले जाऊ नये. नागपूरच्या संस्थेत शेंड्याच्या अगदी सूक्ष्म, रोगमुक्त भागाचे कलम करून निरोगी मातृवृक्ष तयार करण्याचे तंत्र वापरले जाते. तेथून व विद्यापीठाकडून आलेल्या डोळ्यांवर चालणारी एक तरी जाळीबंद रोपवाटिका जिल्ह्यात असणे, प्रत्येक हंगामात बाहेरून ट्रक भरून येणाऱ्या अनोळखी रोपांवर विसंबण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडेल.

सर्वांत कठीण भाग रोगट झाड काढण्याचा आहे, आणि त्याबद्दल शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. सहा बाय सहा मीटर अंतराच्या बागेत हेक्टरी २७७ झाडे बसतात, त्यांना धरते व्हायला पाच-सहा वर्षे लागतात, आणि ज्या झाडावर या वर्षी निम्मी का होईना फळे आहेत ते शेजाऱ्याच्या बागेसाठी तोडावे असे सांगणारा अधिकारी त्या कुटुंबाच्या पुढच्या पाच वर्षांच्या उत्पन्नाबद्दल काही बोलत नाही. म्हणून तोडणी आणि भरपाई या एकाच आदेशात याव्या लागतील. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांतील आपत्तींच्या यादीत किडींच्या हल्ल्याचा समावेश आहे, आणि २०१७ च्या हंगामात कपाशीवरील गुलाबी बोंडअळीच्या नुकसानीचे पंचनामे याच राज्यात गावोगाव झाले होते; ग्रीनिंगचे नुकसान एका रात्रीत होत नसल्यामुळे ते या निकषांत जसेच्या तसे बसणार नाही, परंतु त्यासाठी स्वतंत्र तरतूद मागणारा प्रस्ताव जिल्ह्याकडून गेल्याखेरीज राज्य शासनापुढे हा प्रश्न येणारही नाही. त्याची पहिली पायरी म्हणून फळबागांच्या पंचनाम्यात ‘वाळण्याचे कारण’ असा रकाना असावा आणि त्यात दुष्काळ, डिंक्या व संशयित ग्रीनिंग यांची वेगवेगळी नोंद व्हावी. तोडणी करतानाही क्रम पाळावा लागतो: आधी झाडावर फवारणी, मग तोड, कारण न फवारता तोडलेल्या झाडावरील सायला उडून शेजारच्या झाडावर जाते, आणि खोड मुळासकट काढले नाही तर त्याला फुटणारे धुमारे कीटकांना पुन्हा नवती पुरवतात. दुष्काळात सोडून दिलेल्या किंवा मालक ऊसतोडीला गेल्यामुळे निगा न राहिलेल्या बागा ग्रामपंचायतीने नोंदवाव्यात आणि त्या उपटण्याचे काम मालकाच्या संमतीने सार्वजनिक खर्चातून व्हावे.

या कामात दोन मोह टाळण्यासारखे आहेत. पहिला मोह, दर आठवड्याला फवारून सायला संपवण्याचा. सायलेच्या पिल्लांवर अंडी घालणारी टॅमॅरिक्झिया रेडिएटा ही बारीक परोपजीवी गांधीलमाशी मूळची याच उपखंडातली असून तिचे वर्णन १९२२ मध्ये पंजाबातील नमुन्यांवरून झाले; हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर ती १९७८ मध्ये भारतातून नेऊन सोडली आणि तेथे सायलेवर नियंत्रण मिळवण्यात तिचा मोठा वाटा राहिला. ढालकिडे आणि क्रायसोपा हेही पिल्ले खातात. अवेळी व वारंवार केलेल्या फवारण्या या मित्रकीटकांचाच आधी नाश करतात, आणि एकाच गटाचे औषध पुन्हा पुन्हा वापरल्याने सायलेत प्रतिकारक्षमता येते. म्हणून शिफारस असलेलीच औषधे, गट बदलून, ठरलेल्या वेळी आणि मधल्या काळात पाच टक्के निंबोळी अर्क असा संयम हवा. दुसरा मोह, बाटलीतून रोगमुक्ती विकणाऱ्यांचा. टेट्रासायक्लीन गटातील प्रतिजैविके खोडात टोचल्यास लक्षणे काही काळ दबतात, पण जिवाणू समूळ जात नाही. शिवाय माणसांच्या उपचारातील औषधे बागांत ओतण्याचे सार्वजनिक आरोग्यावर होणारे परिणाम वेगळेच. सूक्ष्म अन्नद्रव्यांनी झाड तात्पुरते हिरवे दिसते, मात्र ते रोगाचा उगम म्हणून कायम राहते. अशा उत्पादनांच्या दाव्यांची तपासणी कृषी विभागाच्या गुणनियंत्रण निरीक्षकांनी केली पाहिजे.

वर मांडलेल्या गोष्टी संपूर्ण जिल्ह्यात एकाच वर्षी सुरू करणे शक्य नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. येत्या ताणाच्या हंगामापूर्वी गेवराई तालुक्यातील कालव्याच्या लाभक्षेत्रातून परस्परांना लागून असलेल्या काही गावांचा एक गट निवडावा. खामगावच्या कृषी विज्ञान केंद्राने तेथील संशयित झाडांचे नमुने तपासणीस पाठवावेत, आवर्तनाच्या तारखेवरून फवारणीचा एक आठवडा ग्रामसभेत ठरावा, तपासणीत रोगट ठरलेली झाडे मालकाला मोबदला देऊन काढावीत आणि आंबे बहाराच्या पालवीवर सायलेची मोजणी या गावांत आणि गटाबाहेरच्या गावांत सारख्याच पद्धतीने व्हावी. दोन्हींतला फरक पुढच्या वर्षी आकड्यांत दिसला तर योजना वाढवण्यास आधार मिळेल, आणि दिसला नाही तर ती का फसली हेही आकड्यांतूनच कळेल. दोन्ही प्रसंगी मोसंबीचे झाड का वाळले या प्रश्नाला बीड जिल्ह्यात प्रथमच तपासून दिलेले उत्तर उपलब्ध होईल. या गटाची निवड आणि त्यासाठीची संयुक्त बैठक नोव्हेंबर संपण्यापूर्वी व्हावी, ही विनंती.

कळावे.

प्रत माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, बीड.
कार्यक्रम समन्वयक, कृषी विज्ञान केंद्र, खामगाव, ता. गेवराई.